नजरगहाण वाहन आणि इंजिनातील तेलाची पातळी

वाहनकर्ज घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाची ‘नजरगहाण’ या शब्दाशी एकदा तरी गाठ पडते. घर गहाण ठेवले तर त्याचे हक्काचे कागद बँकेच्या तिजोरीत येतात. सोने ठेवले तर दागिनेच येतात. मोटार, मोटारसायकल, टेम्पो किंवा ट्रॅक्टर यांच्या बाबतीत मात्र तारण दिलेली वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात राहते आणि तो ती रोज वापरतो, झिजवतो. नोंदणी पुस्तकात बँकेचे नाव लागते, तेवढीच बँकेची नजर. करारनाम्यात वाहन सुस्थितीत ठेवण्याची आणि त्याचा विमा चालू ठेवण्याची जबाबदारी कर्जदारावर टाकलेली असते. विम्याचे नूतनीकरण झाले की नाही, याची विचारणा बँक करू शकते. वाहन खरोखर सुस्थितीत आहे की नाही, हे पाहणारे डोळे मात्र एकाच माणसाचे असतात. ते पाहण्याचे सर्वांत साधे व बिनखर्चाचे साधन म्हणजे इंजिनाच्या कुशीत खोचलेली एक लवचीक पोलादी पट्टी. उत्पादकाच्या पुस्तिकेत तिला डिपस्टिक म्हणतात, गॅरेजमध्ये गेज.

असंख्य वाहनांतील ही पट्टी एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्या सर्व्हिसिंगपर्यंत एकदाही बाहेर निघत नाही. याला केवळ आळस कारणीभूत आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. या दुर्लक्षामागे सवयीचा एक इतिहास आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतकवर ज्या पिढीने संसार वाहून नेला, त्या पिढीची स्कूटर दोन-स्ट्रोक इंजिनाची होती. पेट्रोल भरतानाच त्यात ‘टू-टी’ तेल मोजून मिसळले जाई आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाई. गिअरचे तेल वेगळे असे. परंतु इंजिनात साठवलेले आणि वरचेवर पाहावे लागणारे वंगणतेल असा प्रकारच तेथे नव्हता. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० ही चार-स्ट्रोक मोटारसायकल आली आणि तिच्याबरोबर ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही जाहिरात घरोघरी पोहोचली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, हे सांगणे पेट्रोलच्या बचतीविषयी होते. ग्राहकाने विसरण्याचा सल्ला मनापासून घेतला आणि तो इंजिनातील तेलालाही लावला. पुढे मोफत सर्व्हिसिंगची कुपने आली आणि तेल हा कारखान्यातील माणसाचा विषय आहे, ही समजूत पक्की झाली. (चेतक हे नाव २०२० च्या जानेवारीत विजेवर चालणाऱ्या रूपात परत आले. त्या गाडीला इंजिनच नसल्यामुळे तिच्या मालकाची या विषयातून सुटका झाली आहे. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर धावणाऱ्या वाहनांच्या मालकांची मात्र झालेली नाही.)

तेल नेमके काय करते

इंजिनातील तेलाचे काम ‘घर्षण कमी करणे’ एवढ्या तीन शब्दांत शाळेत शिकविले जाते. प्रत्यक्ष चित्र याहून नाजूक आहे. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांत मोटारगाड्यांमध्ये बहुधा छर्रे नसतात. मऊ धातूचा थर दिलेल्या गुळगुळीत अर्धवर्तुळाकार पट्ट्या असतात. दांडा आणि या पट्ट्या यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकी असते. मिनिटाला ३,००० फेरे या गतीने इंजिन चालते तेव्हा हा दांडा सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक पिस्टन सेकंदाला १०० वेळा आपली दिशा बदलतो. हे सर्व होत असताना धातूला धातू लागत नाही, तो केवळ या पापुद्र्यामुळे. दांड्याच्या फिरण्यामुळेच तो तयार होतो, परंतु तो टिकण्यासाठी पंपाने अखंड ताजे तेल पुरवीत राहावे लागते.

दुसरे काम उष्णता वाहून नेण्याचे. रेडिएटरमधील पाणी सिलिंडरच्या भिंती आणि इंजिनाचा वरचा भाग थंड ठेवते. पिस्टन आणि बेअरिंगे यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. तेथील उष्णता उचलण्याचे बरेचसे काम तेलालाच करावे लागते. याखेरीज काजळी व धातूचे बारीक कण गाळणीपर्यंत नेणे, पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट बंद ठेवणे आणि आतील भाग गंजू न देणे, हीही कामे त्याच्याकडेच आहेत.

इंजिनाच्या तळाशी असलेल्या भांड्यात, ज्याला मेकॅनिक मंडळी चेंबर म्हणतात, हे तेल साठते. तेथून पंप ते एका जाळीदार नळीतून ओढून घेतो, गाळणीतून दाबाने वर पाठवितो आणि काम आटोपून ते गुरुत्वाकर्षणाने पुन्हा खाली येते. म्हणजेच इंजिन चालू असताना सगळे तेल कधीच चेंबरमध्ये नसते. त्यातील काही भाग वर फिरतीवर असतो. व्यापाऱ्याचे सगळे भांडवल जसे गल्ल्यात नसते, काही मालात आणि काही उधारीत गुंतलेले असते, तसेच हे आहे. गल्ल्यात उरलेली रक्कम तुटपुंजी असेल तर पहिल्या अडचणीलाच व्यवहार थांबतो. पातळी खाली गेलेल्या इंजिनाचे तेच होते. शहरातील सपाट रस्त्यावर ते कसलीही तक्रार करीत नाही. तीच गाडी कुटुंबासह कसारा किंवा आंबोली घाट चढू लागली, की चढावर तेल चेंबरच्या मागच्या बाजूला सरकते, वळणावर कडेला जाते आणि पंपाच्या नळीचे तोंड क्षणभर उघडे पडते. त्या क्षणी पंप तेलाऐवजी हवा ओढतो. शिवाय थोड्या तेलाला तेवढेच काम अधिक फेऱ्यांनी करावे लागते; ते अधिक तापते आणि लवकर निकामी होते.

दोन खुणा आणि त्यांमधील हिशेब

पट्टीच्या टोकाकडे दोन खुणा असतात. कोठे ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ ही अक्षरे, कोठे ‘एल’ आणि ‘एफ’, कोठे नुसती दोन छिद्रे किंवा जाळीदार रेघांचा पट्टा. बहुतेक लहान व मध्यम मोटारींत या दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लिटर तेलाचे असते. वरची खूण म्हणजे कमाल मर्यादा आणि खालची म्हणजे किमान शिल्लक, असे बँकेच्या भाषेत म्हणता येईल. मात्र एका महत्त्वाच्या फरकासह. खात्यात शिल्लक किमानाखाली गेली तर फार तर दंड पडतो. येथे दंडाची रक्कम आधी कळत नाही.

मुळात तेल कमी होतेच का? गळती हे उत्तर सर्वांना सुचते आणि पुष्कळदा ते खरेही असते. चेंबरच्या तळाशी असलेल्या बोल्टचे वॉशर जुने होते, गॅस्केट पाझरते, दगडावर आपटून चेंबरला चीर जाते. परंतु जमिनीवर एकही थेंब न पडता तेल कमी होऊ शकते. पिस्टनच्या रिंगांवाटे आणि व्हॉल्व्हच्या सीलांवाटे थोडे तेल ज्वलनकक्षात जाते आणि जळते. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी ऑइल खाते’. निरोगी इंजिनही थोडे तेल खातेच. काही उत्पादकांच्या पुस्तिकांत दर १,००० किलोमीटरला अर्धा लिटर, काहींत एक लिटरपर्यंतचा वापरही मर्यादेत मानलेला आहे.

आता साधे गणित मांडून पाहावे. समजा, तेल बदलण्याचा ठरलेला टप्पा १०,००० किलोमीटर आहे आणि इंजिन मर्यादेच्या बरेच आत राहून दर ५,००० किलोमीटरला एक लिटर तेल खाते. वरच्या खुणेपासून निघालेले हे इंजिन निम्म्या वाटेवरच खालच्या खुणेवर येते. उरलेला निम्मा प्रवास ते किमान मर्यादेखाली करते आणि दुसऱ्या टोकाला पोहोचते तेव्हा वरच्या खुणेपासून मोजले तर दोन लिटर तेल नाहीसे झालेले असते. लहान मोटारीच्या इंजिनात एकूण तेल साधारण तीन लिटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे उरले किती, ते वेगळे सांगावयास नको. या उदाहरणात कोणतेही सर्व्हिसिंग चुकलेले नाही, काही बिघडलेले नाही. केवळ मधल्या काळात कोणी पट्टी ओढून पाहिलेली नाही. १०० सीसीच्या मोटारसायकलीत तर मुळातच एक लिटरच्या आसपास तेल असते. तेथे पाव लिटरची तूट म्हणजे भांडवलाचा चौथा हिस्सा.

पुष्कळ वाहनचालक यावर म्हणतात, ‘तेल कमी झाले तर लाल दिवा लागेलच की.’ हा गैरसमज इंजिनाला सर्वांत महाग पडणारा आहे. मोटारीच्या डॅशबोर्डावरील तेलाच्या झारीचे चित्र असलेला तो लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. चेंबरमध्ये तेल किती आहे, हे त्याला ठाऊक नसते. पंपाकडून पुढे जाणाऱ्या तेलाचा दाब कोसळला, एवढेच तो सांगतो. तो लागेपर्यंत बेअरिंगे तेलाविना फिरू लागलेली असू शकतात. म्हणून चालत्या गाडीत हा दिवा लागला तर ‘पुढच्या पंपावर पाहू’ असे न म्हणता सुरक्षित जागी गाडी घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे आणि कारण कळल्याविना पुन्हा चालू करू नये. काही नव्या मोटारींत पातळी दाखविणारी वेगळी सूचना असते, काही महागड्या गाड्यांत तर पट्टीच नसून पातळी पडद्यावर उमटते; तेथे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वागावे. साध्या मोटारसायकलींत व स्कूटरींत बहुधा यांपैकी कोणताही दिवा नसतो.

पातळी पाहण्याची रीत

मोटारीसाठी सपाट जागा ही पहिली अट. इमारतीच्या तळघराकडे जाणारा उतार, एक चाक फुटपाथवर चढवून लावलेली गाडी किंवा अंगणातील पाण्याच्या निचऱ्यासाठी दिलेला ढाळ यांमुळे पट्टीवरील आकडा खोटा येतो. दुसरी अट वेळेची. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर वरचे तेल खाली उतरलेले नसते आणि पातळी आहे त्याहून कमी दिसते. अनेक उत्पादक इंजिन गरम करून, बंद करून, पाच ते दहा मिनिटे थांबून पाहावयास सांगतात. काही थंड इंजिनावर पाहावयास सांगतात. पुस्तिका हाताशी नसेल तर रात्रभर सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीची सकाळी, चालू करण्यापूर्वी घेतलेली नोंद बहुतेक गाड्यांना पुरेशी विश्वसनीय असते. यापेक्षाही महत्त्वाचे हे की, प्रत्येक वेळी पद्धत एकच असावी. एका महिन्यात गरम आणि दुसऱ्या महिन्यात थंड इंजिनावर घेतलेल्या नोंदींची तुलना होऊ शकत नाही.

पट्टी प्रथम ओढली की तिच्यावर तेल वरपर्यंत माखलेले असते, कारण प्रवासात ते उडालेले असते. ही पहिली ओढ मोजावयाची नाही. धागे न सुटणाऱ्या स्वच्छ सुती फडक्याने पट्टी पुसावी, पूर्ण आत बसेपर्यंत घालावी, सावकाश बाहेर काढावी आणि टोक खाली ठेवूनच पाहावी. टोक वर केले तर तेल ओघळून पातळी फुगलेली दिसते. पट्टीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. नळीच्या भिंतीला घासून एका बाजूला तेलाचा ओघळ लागतो. त्यामुळे दोन बाजूंत फरक दिसल्यास कमी दाखविणारी बाजू खरी मानावी. नुकतेच बदललेले तेल इतके पारदर्शक असते की पट्टीवर दिसतच नाही. अशा वेळी पट्टीमागे पांढरे फडके धरून उजेडात ती थोडी तिरपी केली म्हणजे ओल्या-कोरड्याची सीमा दिसते.

दुचाकीसाठी मधला स्टँड लावलाच पाहिजे. बाजूच्या स्टँडवर गाडी कललेली असते आणि कललेल्या गाडीची नोंद निरुपयोगी. होंडा आणि हीरोच्या बऱ्याच गाड्यांत पट्टी झाकणालाच जोडलेली असते आणि झाकणाला आटे असतात. येथे एक बारकावा आहे. पुसलेली पट्टी पुन्हा घालताना झाकण आवळावयाचे नसते. ते तोंडावर नुसते टेकवून पातळी पाहावयाची असते. आटे आवळून पाहिले तर पट्टी अधिक खोल जाते आणि तेल आहे त्याहून जास्त दिसते. काही मोटारसायकलींना पट्टीऐवजी काचेची लहानशी खिडकी असते. गाडी सरळ उभी धरून दोन रेघांमध्ये तेल दिसले म्हणजे झाले.

जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटची गोष्ट निराळी आणि थोडी गमतीची आहे. तिचे तेल क्रँकच्या खाली नसून इंजिनाच्या आवरणातच केलेल्या वेगळ्या कप्प्यात असते. गाडी काही आठवडे उभी राहिली की या कप्प्यातील तेल पंपातून हळूहळू झिरपून क्रँकच्या भागात उतरते. मालक पट्टी पाहतो, कप्पा रिकामा दिसतो आणि तो निष्ठेने वर तेल ओततो. गाडी चालू होते, पंप क्रँकमधील तेल कप्प्यात परत आणू लागतो आणि कप्प्यात जागा नसल्याने तेल हवेच्या नळीतून बाहेर पडते. तेल कोठेच गेलेले नव्हते. ते फक्त दुसऱ्या खात्यात वर्ग झालेले होते. म्हणून बराच काळ उभ्या असलेल्या अशा गाडीचे इंजिन आधी काही मिनिटे चालवावे आणि मगच पातळी पाहावी.

ट्रॅक्टरधारकांना तर ही तपासणी रोजची आहे. ट्रॅक्टरच्या पुस्तिकांत साधारणपणे दररोज किंवा दर दहा तासांच्या कामानंतर पातळी पाहण्याची सूचना असते, कारण नांगरटीत इंजिन तासन्‌तास पूर्ण भाराखाली चालते. सकाळी शेडमध्ये, सपाट जमिनीवर, चालू करण्यापूर्वी पाहावे. नांगरलेल्या ढेकळांत तिरक्या उभ्या ट्रॅक्टरवर पाहून काढलेला निष्कर्ष कोणत्याच कामाचा नसतो.

किती वेळाने पाहावे? मोटारीसाठी पंधरवड्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी, हे प्रमाण पुरेसे आहे. दहा वर्षांहून जुन्या गाडीसाठी व भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीसाठी आठवड्यातून एकदा. एका वेळेस पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

भर घालताना

पातळी दोन्ही खुणांच्या मध्यावर असेल तर घाई नाही. त्याखाली उतरू लागली की भर घालावी, तीही एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर. मग काही मिनिटे थांबून पुन्हा पट्टी पाहावी. तेल घट्ट असते. ओतल्याबरोबर तळाला पोहोचत नाही. ‘जास्त असलेले बरे’ हा विचार धान्याच्या कणगीला योग्य आहे, इंजिनाला नाही. वरच्या खुणेपलीकडे तेल गेले तर फिरणाऱ्या क्रँकची वजने त्यात बुडतात आणि रवीने ताक घुसळावे तसे ते घुसळून काढतात. तेलाला फेस येतो, पंप फेस ओढतो, आणि फेसात निम्मी हवाच असल्याने बेअरिंगावरील पापुद्रा तुटतो. अतिभरलेले इंजिन अशा रीतीने तेलाविना राहते. याशिवाय सीलांतून गळती सुरू होते, काही तेल हवेच्या मार्गाने ज्वलनकक्षात जाऊन निळा धूर येतो आणि धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. चुकून जास्त भरले गेले तर गाडी न चालवता जादा तेल काढून घ्यावे.

तेलाची जात पुस्तिकेत सांगितलेलीच असावी. ‘२० डब्ल्यू-४०’ किंवा ‘५ डब्ल्यू-३०’ यांतील पहिला आकडा थंडीतील आणि दुसरा तापलेल्या अवस्थेतील घट्टपणा दर्शवितो. मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. मोटारीचे उरलेले तेल मोटारसायकलीत घालण्याचा काटकसरी मोह टाळावा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो आणि मोटारीच्या तेलातील घर्षण घटविणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. मोटारसायकलीच्या डब्यावर ‘जासो एम.ए.’ किंवा ‘एम.ए. २’ अशी खूण पाहून घ्यावी.

रंगावरून मात्र निकाल देऊ नये. डिझेल इंजिनातील तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. काजळी अंगावर घेणे हे त्याचे कामच आहे. याउलट सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा-टॅक्सीतील तेल बराच काळ स्वच्छ दिसते आणि चालक बदलण्याची तारीख पुढे ढकलतो. दिसावयास स्वच्छ असलेले तेलही उष्णतेने निकामी झालेले असू शकते.

पातळी वाढलेली दिसली तर

कोणी भर घातलेली नसताना पातळी वर चढलेली दिसली, तर आनंद मानू नये. बिनओळखीची जमा नोंद खात्यात आढळल्यावर जशी चौकशी करावयाची असते, तशीच ती येथेही करावी. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसत असेल तर पाणी किंवा कूलंट आत शिरले आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर न जळलेले इंधन रिंगांवाटे खाली उतरत आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या डिझेल मोटारींत आणखी एक कारण संभवते. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते आणि तीत साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन अधूनमधून जादा डिझेल सोडते. गाडी केवळ शहरात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांपुरती वापरली जात असेल तर ही जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहते आणि यातील काही डिझेल तेलात मिसळते. पातळी वाढते, तेल पातळ होते. पट्टी पाहणाऱ्यालाच हे वेळेत कळते.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीसाठी ही पट्टी फार मोलाची आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतील हजारो वाहने पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून पाहणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, आणि तीच इंजिनाचा घात करते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही. पिस्टनचा दांडा वाकतो. चेंबरमध्ये पाणी शिरले असेल तर ते तेलाहून जड असल्याने तळाशी बसते, तेल त्यावर तरंगते, आणि पंपाची नळी तर तळाशीच असते. इंजिन चालू करताच बेअरिंगांना पहिला घोट पाण्याचा मिळतो. अशा गाडीची किल्ली न फिरविता आधी पट्टी काढावी. पातळी चढलेली किंवा तेल दुधाळ दिसले तर गाडी ओढूनच कारखान्यात न्यावी. पट्टीवर काही दिसले नाही तरी सिलिंडर तपासून घेतल्याविना ती चालू करू नये.

विमा आणि हप्ता

या ठिकाणी विम्याचा प्रश्न येतो. मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यात अपघात, चोरी, आग, पूर इत्यादी जोखमींचा समावेश असतो. परंतु झीज, यांत्रिक बिघाड आणि परिणामी होणारे नुकसान या गोष्टी मूळ विमापत्रात वगळलेल्या असतात. पुरात गाडी भिजल्याचे नुकसान मिळू शकते, मात्र भिजलेले इंजिन चालू केल्यामुळे झालेले नुकसान ‘परिणामी’ या सदरात जाऊन वादात सापडते. जादा हप्ता भरून इंजिन संरक्षणाचे पूरक कवच घेता येते. पाणी शिरणे किंवा वंगणतेलाची गळती होणे यांमुळे इंजिनाच्या आतील भागांना होणारी हानी त्यात सामान्यतः धरली जाते, पण प्रत्येक कंपनीच्या अटी निरनिराळ्या असतात. तेल मालकाने पाहिलेच नाही म्हणून जाम झालेल्या इंजिनाची भरपाई मिळेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका टॅक्सीचालकाने ६ लाख रुपयांचे कर्ज द. सा. द. शे. ९ दराने ५ वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये येतो. २४ हप्ते नियमित भरल्यावर मुद्दल सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये शिल्लक असते. या सुमारास घाटात इंजिन जाम झाले. क्रँक, बेअरिंगे, बोअर-पिस्टन हे सर्व काम निघाले, सुटे भाग येईपर्यंत गाडी कारखान्यात उभी राहिली. गाडी उभी म्हणजे मिळकत बंद. हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला येतच राहते. थकबाकी ९० दिवसांहून अधिक काळ राहिली तर खाते अनुत्पादक म्हणून वर्गीकृत होते आणि त्याची नोंद कर्जदाराच्या पतइतिहासात पुढील अनेक वर्षे राहते. या साखळीच्या दुसऱ्या टोकाला फक्त लिटर-दीड लिटर तेल आहे. अर्थात अशी वेळ आलीच, तर हप्ता थकण्याची वाट न पाहता दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासह शाखेत येऊन बोलावे. चालू असलेल्या खात्यात जे मार्ग काढता येतात, ते थकलेल्या खात्यात काढता येतीलच असे नाही.

गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवावी आणि तीत तारीख, किलोमीटर आणि घातलेले तेल एवढे तीनच रकाने आखावेत. १,५०० किलोमीटरला २०० मिलिलिटर हा वापर वर्षभर कायम असेल तर चिंता नाही. तोच अचानक ५०० मिलिलिटर झाला तर गाडी मेकॅनिककडे न्यावी. सांगताना ‘गाडी जरा ऑइल खाते वाटते’ असे न म्हणता वही समोर ठेवावी. तेलाचा डबा सीलबंद पाहून, बिल घेऊनच विकत घ्यावा. आणि रिकामा झालेला डबा रद्दीवाल्याकडे देण्यापूर्वी खिळ्याने त्याला दोन-तीन भोके पाडावीत, म्हणजे तोच डबा बनावट तेल भरून पुन्हा दुकानाच्या फळीवर येणार नाही.